तिचं लुक आफ्टर

माझ्या बायकोला इंग्रजी एवढंच येत होतं, लुक आफ्टर. येस, नो, थँक्यू हे आता बसच्या कंडक्टरलाही येतं, ते मी धरत नाही. लुक आफ्टर मात्र तिनं उतारवयात कमावलं होतं, आणि कमावलेली वस्तू माणूस पेटीत ठेवतो तसं न ठेवता ती ते रोज वापरायची. फाल्गुनात ती गेली. आता पाऊस लागलाय आणि घरात ते बोलणारं कोणी राहिलं नाही, म्हणून लिहून ठेवतो. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही गुरांमागं जायला दुसरं कोणी असेल त्या दिवशीच. ऱ्हस्व-दीर्घ बघणाऱ्यानं इथंच थांबावं.

आमचं घर रानाला लागून. वर नंदिगड्ड्याच्या वाटेला एका हुबळीकडच्या बाईनं होमस्टे काढलं. सिमेंटच्या खोल्या, त्यांच्यावर गवत टाकून झोपडीसारख्या केलेल्या. शहरातल्या माणसांना म्हणे त्यात झोपायला आवडतं. मी त्या बाईला तोंडावर म्हटलं होतं, "आमची खरी गवताची होती तवा कोण आलं न्हाई झोपायला." बाई हसली. माणूस बरी आहे. पोरं शिकायला बाहेर, नवरा हुबळीतच, ही एकटी इथं पाहुण्यांचं बघते. बायको तिच्याकडं स्वयंपाकाला जायची. बाई तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणायची आणि आमची ही तिला अक्का म्हणायची. लेकीच्या वयाच्या बाईला अक्का काय म्हणतेस, विचारलं तर म्हणाली, "तिला मान, मला पगार. दोघीचं भागतंय."

एकदा पाहुण्यांनी कुत्रा आणला. बोकडाएवढा, केस डोळ्यांवर आलेले. पाहुणे रानात पक्षी बघायला निघाले आणि कुत्र्याची दोरी बाईच्या हातात देऊन म्हणाले, लुक आफ्टर. बाईनं दोरी हिच्या हातात दिली आणि म्हणाली, लुक आफ्टर. हिच्या पुढं काही कोणी नव्हतं. हिनं विचारलं, म्हणजे काय करू? बाई कन्नडात म्हणाली, "नोडकोरी अव्वा." बघून घ्या. मग हिला कळलं. दिवसभर तो कुत्रा हिच्या पायांत, हिनं त्याला भाकरी कुस्करून घातली, आणि संध्याकाळी पाहुणे आले तर तो त्यांच्याकडं जाईना.

घरी आली ती चूल पेटवायच्या आधी मला सांगू लागली. "अवो, इंग्रजीतबी आपल्यासारखंच हाय बगा. लुक म्हंजे बघणं."

"आन् आफ्टर?"

"आफ्टर म्हंजे नंतर."

"म्हंजे नंतर बघू. हे तर तालुक्याच्या हापिसातलं सायेब रोज म्हणतंय."

"तुमास्नी न्हाई कळायचं," म्हणाली. पण मनात राहिलं तिच्या. दोन दिवसांनी बाईला विचारून आली. म्हणाली, आफ्टर म्हणजे नंतर असतंय, तसं मागनंबी असतंय. "बारकं पोरगं पुढं पळतंय, आई मागनं त्याच्यावर डोळा ठिवून जातीया. तसं." मी म्हटलं, आई काम सोडून मागनं फिरत बसली तर भात कोण लावणार? ती म्हणाली, "भात लावत लावतच बघायचं असतंय. तुमी कवा बघितलंय का पोराकडं?" मी उठून म्हशीला पाणी दाखवायला गेलो.

त्यानंतर घरात त्या शब्दाला सुट्टी नाही. "म्हशीला लुक आफ्टर करून या." "मांजराला लुक आफ्टर करा, माशाकडं बघतंय." मी म्हणायचो, म्हशीला अजून कन्नड येत नाही, इंग्रजी कुठनं कळणार? एकदा बाईच्या चुलीवर दूध ठेवलेलं, हिनं दुसऱ्या बाईला सांगितलं, दुधाला लुक आफ्टर कर. मालकीणबाईनं ते ऐकलं. म्हणाली, अव्वा, दुधाला ते चालत नाही. घटकाभर नजर ठेवायची तर त्याला वेगळा शब्द आहे. लुक आफ्टर लांबच्या गोष्टीला. लेकरू, आजारी माणूस, म्हातारं माणूस, कुत्रं, घर, झाड. ज्याच्याकडं आज बघितलं, उद्या बघितलं, परवाही बघायचंच आहे, त्याला.

ही गोष्ट आमच्या हिला फार आवडली. मला येऊन सांगितली. "लांबचं बघणं. घटकेचं न्हवं."

मी वाद घातला. वाद घालायची मला खोड. म्हटलं, आपल्याकडं एकेकाला एकेक शब्द आहे. पिकाची राखण. गुरांची निगा. पोराचा सांभाळ. बियाण्याचं जतन. म्हाताऱ्याला नुसतं 'बघतात', त्याला शब्दही वेगळा खर्चत नाहीत. इंग्रजांनी सगळं एका पोत्यात घातलं, मग भात कुठला आणि कोंडा कुठला? तर ती म्हणाली, "बरं केलं की. करणारी बाई एकच असतीया. राखण, निगा, सांभाळ, जतन, ह्ये तुमी वायलं वायलं करून ठेवलंय. मला सकाळी उठल्यावर कुठं वायलं दिसतंय?"



आता बियाण्याचं सांगतो, कारण सगळं तिथंच येऊन अडलं.

आमच्या जोयडा तालुक्यात घरोघर कंद लावतात. परसात, घराच्या मागं, रानाच्या कडेला. हिच्याकडं एक जांभळं कोनफळ होतं. बाहेरून झाडाच्या बुंध्यासारखं, काळं, केसाळ. कापलं की आत जांभळं, हाताला रंग लागतो. पांढरं कोनफळ इथं कुणाकडंही मिळेल, हे जांभळं हिच्या माहेरचं. हिचं माहेर सुप्याच्या धरणात गेलं. पाणी यायच्या आधी गाव उठलं, कुणी रामनगरला गेलं, कुणी आणखी कुठं. लोकांनी दारं, कड्या, उखळ, देव, जमेल ते नेलं. हिच्या आईनं बुट्टीत कोनफळं घातली आणि हिच्या घरी, म्हणजे आमच्याकडं, आणून ठेवली. म्हणाली, तिकडं कुठली जागा देतील ठाऊक नाही, तोवर तुझ्याकडं असू दे. तो 'तोवर' काही संपला नाही. सासू गेली, बी इथंच राहिलं.

आमच्यात कामाची वाटणी होती. खड्डा माझा, बी तिचं. वैशाखात मी खड्डे काढायचो, शेणखत, पालापाचोळा, वरची माती घालून ढीग करायचो, वेलाला चढायला काठ्या रोवायचो. पौषात वेल वाळला की मीच खणायचो. निघालेल्या मालातली चांगली, अंगानं सरळ कोनफळं ती निवडायची, राख चोळायची आणि चुलीच्या वर, धूर लागेल अशा जागी, वेगळ्या बुट्टीत टांगायची. खायची खालच्या बुट्टीत. लावायच्या दिवशी बियाचं कोनफळ उतरवून त्याचं डोकं, म्हणजे देठाकडचा भाग, कापायची. त्याला कोंब येतो. पहिलं डोकं खड्ड्यात ठेवायचं ते घरच्या बाईनं, अशी आमच्या घरची रीत. मग बाकीची कुणी का ठेवेना. एवढी वर्षं ती ते माझ्यापासून हातभर अंतरावर करत होती. मी मातीकडं बघत होतो.

ती आजारी पडली ते पोटानं. बेळगावला नेलं. मुलगा गोव्याहून आला, तो कारखान्यात आहे. डॉक्टर तरुण, मुलाशी इंग्रजीत बोलत होता. मधेच त्यानं काहीतरी विचारलं आणि त्यात तो शब्द आला. खाटेवरनं हिनं डोळे उघडले. डॉक्टरनं विचारलं होतं, घरी ह्यांना लुक आफ्टर कोण करतं? मुलगा माझ्याकडं बघायला लागला, मी मुलाकडं. हिनं माझ्याकडं बोट केलं आणि डॉक्टरला म्हणाली, "आय लुक आफ्टर." म्हणजे ह्या माणसाला मी बघते. डॉक्टर हसला, नर्स हसली. मीही हसलो. तेव्हा मला ते विनोदाचंच वाटलं. प्रश्न तिचा होता, कोण बघतं तिला, आणि त्याचं उत्तर कुणी दिलंच नाही, हे मला आत्ता आषाढात म्हशीपुढं गवत टाकताना ध्यानात येतं. उपयोग काय.

घरी आणली. थोडे दिवस होती. मग नव्हती.

सुतक फिटायचं म्हणजे आमच्याकडं सगळं घर बाहेर काढतात. भांडी, अंथरुणं, बुट्ट्या, केरसुण्यासुद्धा. झाडायचं, सारवायचं, मग पुन्हा आत लावायचं. सून हे सगळं पदर खोचून करत होती. रामनगरची पोरगी, घर रस्त्यावर, दुकानाच्या मागं, माहेरी कंद तिनं बाजारातच बघितलेले. चुलीवरची बुट्टी खाली काढली, राखेनं माखलेली कोनफळं बघितली, घाण झालीत म्हणून धुतली, खालच्या बुट्टीत ओतली आणि वरची बुट्टी तशीच परत टांगली. ह्यात तिची चूक काढायची तर काढता येईल. पण घर स्वच्छ कर म्हणून सगळ्यांनीच तिला सांगितलेलं होतं.

बाराव्याला गेलेल्या माणसाच्या आवडीचं करायचं. तिला कोनफळाची भाजी आवडायची, नारळ आणि तिरफळ घालून. भावकीतल्या बाया जमल्या, बुट्टी ओढली, सगळी सोलली. माणसंही बरीच होती. पहिला घास कावळ्याला ठेवला, तो लगेच शिवला. सगळे म्हणाले, बघा, तिची इच्छा काही राहिली नाही. मी जेवलो. भाजी मी दोनदा मागून घेतली. म्हणालोसुद्धा, असं गोड कोनफळ ह्या घरात कधी खाल्लं नव्हतं. कसं खाल्लेलं असणार? निवडक बियाचं होतं. ती बियाचं कधी शिजवत नव्हती.

हे मला वैशाखापर्यंत ठाऊक नव्हतं. वैशाखात मी रीतीप्रमाणं खड्डे काढले. एकट्यानं दम लागत होता, पण काढले. खत भरलं. मग स्टुलावर चढून वरची बुट्टी उतरवली, तर आत नुसती राख.

मी आधी उंदरांना शिव्या दिल्या. मग खालची बुट्टी बघितली, मग सगळं घर बघितलं. मग सुनेला फोन लावला.

"वरच्या बुट्टीतलं कोनफळ कुठं हाय?"

"कुठल्या वरच्या, मामा?" ती मला मामा म्हणते.

"चुलीवरच्या."

"ती खालच्यात ओतली न्हवं का. घाण लागली होती, धुऊन..." मग तिचाच आवाज बारीक झाला. "का हो मामा? काय होतं त्यात?"

"तुझ्या सासूचं बी होतं. तिच्या आईचं. तू घर न्हाई झाडलंस, सासूला दुसऱ्यांदा न्हेलंस."

असं बोललो. पलीकडनं फोन बंद झाला. मुलाचा संध्याकाळी आला, तो उचललाच नाही. मी तोंडानं फाटका आहे, हे गावाला ठाऊक आहे. पण आधी बोललं की बायको मागनं जाऊन मिटवायची. माझ्या बोलण्यावर मागनं डोळा ठेवणारं आता कोणी नव्हतं. ते बोलणं तसंच पडून राहिलं.

मग बी शोधायला निघालो. हिनं ते पुष्कळांना दिलं होतं. आमच्यात बी विकत नाहीत. मागायला आलेल्याला द्यायचं, आणि आपलं गेलं तर त्याच्याकडनं आणायचं. त्यामुळं मी घाबरलो नव्हतो. शेजारच्या म्हातारीकडं गेलो. तिच्या परसात पांढरं होतं.

"जांभळं कुठाय, काकी? तुला दिलं होतं की हिनं."

"दिलं होतं रं. गेल्या साली डुकरांनी उकरलं समदं."

"मग परत मागून न्हाई न्हेलंस?"

"तिच्याकडं हाय म्हटल्यावर घाई कसली? आमी निर्धास्त."

खालच्या घरात गेलो, तेच. धरणाच्या अंगाला एक घर होतं, तिथली पोरं पुण्याला, परसात गवत. जिथं जाईन तिथं एकच बोलणं, तिच्याकडं आहे म्हणून आम्ही ठेवलं नाही. सगळ्या गावानं आपलं बी तिच्या चुलीवर टांगलं होतं आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी रामनगरला हिच्या बहिणीकडं गेलो. ट्रक आणि बसच्या धुरळ्यात तिचं घर, पुढं-मागं सिमेंट केलेलं. मेहुणीनं चहा दिला. मी कोनफळाचं विचारलं तर म्हणाली, "भावजी, तुळशीला माती लागली तरी हितं पिशवीतनं विकत आणतोय. कोनफळ लावू कुठं, गच्चीवर?" मग रडायला लागली. बहिणीसाठी रडत होती की गावासाठी, कुणास ठाऊक. म्हणाली, आईच्या हातचं ते शेवटचं होतं. मला म्हणायचं होतं, मला ठाऊक नाही का? चहा पिऊन बस धरली.

मृग जवळ आला. मुलाचा निरोप आला की गाडी घेऊन येतो, पावसाच्या आधी तुम्हाला गोव्याला घेऊन जातो, म्हैस शेजारी द्या. मी हो म्हटलं होतं. खड्डे रिकामे असल्यावर राहायचं कशाला? म्हशीसाठी? म्हैस काय, जो गवत टाकेल त्याची.

तेवढ्यात होमस्टेच्या बाईचा निरोप आला, अव्वाची वस्तू राहिलीय, येऊन घेऊन जा. गेलो. वस्तू म्हणजे पावसाळी चपला, एक डबा आणि स्वयंपाक करताना बांधायचा कपडा. बाईनं ते धुऊन, घडी करून ठेवलं होतं. आमचं बोलणं कन्नडात झालं, इथं मराठीत लिहितो.

"अज्जा, जेवून जा," म्हणाली. पाहुण्यांच्या जेवायच्या खोलीत बसवलं. समोर भिंतीला फळी, त्यावर शोभेच्या वस्तू. लाकडाचा हत्ती, मधाच्या बाटल्या आणि एका पितळी ताटलीत कोनफळ. काळं, केसाळ, पुसून पुसून चकचकीत केलेलं. अंगानं सुकलेलं, सुरकुतलेलं, पण डोक्याकडनं एक कोंब निघाला होता. फिकट जांभळा, बोटाएवढा जाड, आणि लांब, फळीवरनं पार खिडकीपर्यंत गेलेला. मोडू नये म्हणून बाईनं त्याला दोऱ्यानं खिडकीच्या गजाला बांधलं होतं.

मी उठून उभा राहिलो. "हे कुठलं?"

"अव्वानं संक्रांतीला दिलं. म्हणाली, अक्का, लुक आफ्टर."

"मग मातीत का न्हाई घातलं?"

"मातीत घाला असं कुठं म्हणाली? लुक आफ्टर म्हणाली. मी रोज पुसते. एक पाहुणा म्हणाला, ह्याचे चिप्स करून द्या, पैसे देतो. मी म्हटलं, दुसरं काय हवं ते सांगा, ते अव्वाचं आहे."

मला हसू आलं आणि दुसरंही काहीतरी आलं, म्हणून मी खिडकीकडं तोंड केलं. हिनं तिला संक्रांतीला दिलं, म्हणजे पौषात खणल्यावर लगेच. तेव्हा पोट दुखायला लागलेलं होतं, पण अजून मला सांगितलेलं नव्हतं. मुद्दाम दिलं की सहज दिलं? ते विचारायला माणूस नाही. मी मनाला येईल ते धरून बसणार नाही. ती कुणालाही द्यायची.

बाईला म्हटलं, हे मला लागणार. तिनं दोरा सोडायला हात केला आणि थांबली. "अज्जा, तुम्ही गोव्याला चाललात म्हणून ऐकलं. लावाल आणि जाल. मग डुकरं आली तर बघणार कोण? इथं निदान फळीवर तरी आहे."

तिचं बरोबर होतं. सुकलेलं का होईना, तिनं ठेवलं होतं. आम्ही घरच्यांनी धुऊन, चिरून, तिरफळ घालून खाल्लं होतं. मी हिचा कपडा उलगडून पसरला. तिनं बघितलं माझ्याकडं, मग दोरा सोडला. कोंब गोल गुंडाळून, हिच्याच कपड्यात बांधून, पोटाशी धरून मी घरी आलो. वाटेत दोनदा थांबून मोडला नाही ना बघितलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला. सोबत सून. फोनानंतर पहिल्यांदाच समोर येत होती. वाकून पाया पडली, तोंड वर केलं नाही. मी तिला म्हटलं, "हात धू आन् परसात ये."

परसात मी ढीग पुन्हा सारखा केलेला होता. कोनफळ पाटावर ठेवलं, शेजारी विळी. सुनेनं ते बघितलं आणि तिथंच खाली बसली.

"हे कुठनं, मामा?"

"कुठनं का असंना. पहिलं घरच्या बाईनं ठिवायचं असतंय. तुझ्या हातानं घाल."

"माझ्या हातानंच गेलं की समदं."

"गेलं ते जेवणाऱ्यांच्या पोटात गेलं, माझ्याबी. त्या दिवशी फोनवर जे बोललो ते माझं वंगाळ तोंड. घे, काप."

ती डोळे पुसत विळीवर बसली आणि मग विचारलं, "कुठं कापू?"

आता आली पंचाईत. डोकं कापायचं, पण डोक्याखाली गर किती ठेवायचा? कमी ठेवला तर कोंब उपाशी मरतो, जास्त ठेवला तर पावसात कुजतो, एवढं ऐकून होतो. किती ते ठाऊक नव्हतं. जन्मभर खड्डे काढले आणि खड्ड्यात काय पडतं ते बघितलं नव्हतं. मी उगीच कोनफळ इकडून तिकडून फिरवलं.

"आत्या चार बोटं ठिवायच्या," सून म्हणाली. "आन् कापल्या जागेला राख लावून थोडं सुकवायच्या. लगीन होऊन आले त्या साली बघितलं होतं मी, मागल्या दारातनं."

"मला कसं ठाऊक न्हाई?"

"तुमी तवा खड्ड्यात होता, मामा."

मुलगा दारात उभा होता, तो फस्सकन हसला. ती पण हसली, नाक ओढत. बऱ्याच दिवसांनी त्या परसात कुणी हसलं. मलाही हसू आलं असतं, पण आज ही असायला हवी होती असं वाटलं आणि ते मधेच राहिलं.

सुनेनं चार बोटं धरून कापलं. आतला जांभळा रंग उतरलेला, पण होता. राख लावली. सुकल्यावर तिनं ते खड्ड्यात ठेवलं, कोंब वर करून. मी माती लोटली. उरलेला गर वाया जाऊ नये म्हणून तिनं शिजवला. तिघांनी खाल्ला. दोरे दोरे झालेले, चव नाही. ताटात मात्र कुणी टाकलं नाही.

जेवल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, सामान भरू?"

"म्या न्हाई येत. पौषात येतो, खणून झाल्यावर."

"एका कोनफळासाठी पावसाळा काढणार हितं? आन् तुमाला लुक आफ्टर कोण करणार? आई न्हाई आता."

त्याच्या तोंडून तो शब्द सहज गेला. मी म्हटलं, आई नाही म्हणूनच राहतोय. त्याला ते पटलं नाही, रागानं गाडीचं दार आपटलं. सुनेनं मात्र उंबऱ्याबाहेर काढलेली माझी पिशवी उचलून गुपचूप परत आत ठेवली.

ते गेले. पाऊस लागला. पुष्कळ दिवस ढिगावर काहीच दिसलं नाही. वर निघालेला तो लांब कोंब पहिल्याच सरीत काळा पडून गळाला, तेव्हा मी समजलो, संपलं. त्या दिवशी मी जेवलो नाही. मग एका सकाळी मातीतनं तांबूस टोक आलेलं दिसलं, बुंध्याकडनं नवं फुटलेलं. आता हातभर झालाय वेल, काठी धरलीय त्यानं. कुंपणाला काटे लावले. दिवसा पडवीत बसून असतो, डुकरांची चाहूल लागली की डबा बडवतो. होमस्टेची बाई येऊन बघून गेली. पुसायला काही नव्हतं, तर पानावरचं पाणीच पुसून गेली.

खाली कंद धरतोय की नाही, ते पौषापर्यंत कळायचं नाही. उकरून बघितलं तर आहे तेही जाईल. ही गोष्ट माझ्यासारख्याला कठीण आहे. मला सगळं उकरून बघायची सवय. तिच्याशी बोलतानाही उकरायचो, आणि बघायचं तेवढं राहून गेलं. पोट दुखतंय हे तिच्या चालण्यावरनं दिसत असणार. संक्रांतीला ती कोनफळ घेऊन वर बाईकडं गेली, तेव्हा वाटेत कुठं तरी बसली असणार. मी घरीच होतो.

सून रोज फोन करते. आधी वेलाचं विचारते, मग माझं. बरोबर आहे. हिनंही तसंच विचारलं असतं.